प्रोकेनची इंजेक्शनं घ्यायला जाण्याआधी

जर्मनीत राहणाऱ्या आपल्यापैकी ज्यांची मानदुखी, कंबरदुखी किंवा अर्धशिशी वर्षानुवर्षं हटत नाही, त्यांना कधी ना कधी एखादे डॉक्टर ‘नॉयरालथेरपी’ सुचवतात. दुखऱ्या जागी, आणि कधी तिथून लांबच्या एखाद्या जुन्या व्रणात, प्रोकेन किंवा लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची बारीक इंजेक्शनं देतात. १९२५ साली फर्डिनांड हुनेके या जर्मन डॉक्टरांनी बहिणीची अर्धशिशी थांबावी म्हणून शिरेतून एक औषध दिलं. त्यात प्रोकेन होतं, आणि तिचं डोकं उतरलं. तिथून ही पद्धत निघाली. लांबच्या व्रणाचा दुखण्याशी संबंध असतो हे काही पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण जायचं ठरवलं असेल तर तयारीनिशी जा.

पहिली गोष्ट, दुखण्याबरोबर ताप येतोय, विनाकारण वजन उतरतंय किंवा पायातला जोर गेलाय, तर इंजेक्शनं बाजूला ठेवा आणि आधी तपासण्या करून घ्या. लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मग औषधांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती यादीत सगळ्यात वर लिहा, आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका. नाडी मंद असणं, हृदयातला ‘ब्लॉक’ (ठोक्यांच्या विद्युत-संदेशातला अडथळा), फिट्स, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार), गरोदरपण, हेही लिहा. सल्फाची अँटिबायोटिक चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण प्रोकेनचं शरीरात विघटन होताना जो पदार्थ तयार होतो तो त्या गोळीचा परिणाम कमी करतो. केसांच्या काळ्या कलपाने कधी डोक्याला खाज सुटली, चेहरा सुजला असेल तर तेही सांगायचं. कलपातलं रसायन आणि प्रोकेन एकाच नात्यातले, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्यालाही लागू होऊ शकते.

एक प्रश्न घरी फोन करून विचाराच: ऑपरेशननंतर भुलीतून बाहेर यायला कुणाला फार वेळ लागला होता का? रक्तातलं जे एन्झाइम प्रोकेन मोडतं, ते काही घराण्यांत जन्मतः कमी असतं. आर्य वैश्य समाजात हे प्रमाण जास्त आढळतं. असं काही असेल तर प्रोकेन नको, हे डॉक्टरांना आधीच कळायला हवं.

व्रणांचाही कागद करा, कारण ते विचारणारच. दंडावरची बीसीजीची खूण, अपेंडिक्सचे टाके, सिझेरियन, काढलेल्या अक्कलदाढा, लहानपणी गुडघा फुटलेला, सगळं अंदाजे सालासकट. आईला विचारलं की दोन-चार हमखास वाढतात.

इंजेक्शन देणार कोण, तेही बघा. हाइलप्राक्टिकरला (डॉक्टर नसलेला, पर्यायी उपचार करणारा परवानाधारक) प्रोकेन फक्त धडधाकट कातडीत, डास चावल्यासारखी फुगी येईल इतपत वरवर देता येतं. खोलवरचं इंजेक्शन डॉक्टरांकडूनच घ्या. खर्च बहुधा आपल्याच खिशातून जातो, म्हणून लेखी अंदाज आधी मागा आणि क्रांकनकासेलाही (आरोग्य विमा कंपनीलाही) विचारून ठेवा.

त्या दिवशी थोडं खाऊन जा, सैल कपडे घाला, परतताना गाडी दुसऱ्या कुणाला चालवू द्या. टोचल्यावर ओठ बधिरले, तोंडात धातूची चव आली, कानात गुंगुं व्हायला लागलं तर लाजू नका, तिथल्या तिथे सांगा. बरगड्यांच्या आसपास टोचलं असेल आणि घरी आल्यावर श्वास लागला किंवा छातीत कळ आली तर लगेच ११२ला फोन करा.

आणि सगळ्यात महत्त्वाची, दुखण्याची वही. आठवडाभर आधीपासून सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहामधला आकडा लिहा. इंजेक्शननंतर पहिला दिवस तासातासाला लिहा. प्रोकेनचा बधिरपणा तासाभरात ओसरतो, तेवढाच आराम मिळाला तर तो नुसता भुलीचा. हुनेकेंच्या पद्धतीतही लांबच्या व्रणातल्या इंजेक्शनने दुखणं किमान २० तास पूर्ण थांबलं तरच ते खरं मानतात. वही नसेल तर ‘जरा बरं वाटलं’ एवढंच हातात उरतं, आणि तेवढ्यावर पुढच्या इंजेक्शनांना पैसे घालू नयेत.

आराम पडलाच तर त्याच दिवसांत व्यायाम करून घ्यायचा असतो. फिजिओथेरपीची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून तिची चिठ्ठी हाउसआर्ट्झ्टकडून (फॅमिली डॉक्टरकडून) इंजेक्शनच्या आधीच घेऊन ठेवा.