कार्डावर 'बाँडेड अँड इन्शुअर्ड' छापण्याआधी

'चोरीच्या भरपाईची हमी आहे आणि विमाही आहे' असं सांगणारे हे तीन शब्द माझ्या कार्डावर पहिल्यांदा छापून आले, तेव्हा मी ते कार्ड नवऱ्याला तीनदा दाखवलं होतं. पुढे सातच महिन्यांत एका लॅब्राडॉरच्या शेपटीनं माझा सगळा तोरा उतरवला.

अमेरिकेत पेट सिटिंग, म्हणजे लोकांचे पाळीव प्राणी सांभाळायचा धंदा, सुरू करताय म्हणजे व्यवसायाची नोंदणी, बँकेत वेगळं खातं, ग्राहकाशी करार हे तुम्हाला ठाऊक असणारच. मी थेट माझ्या खड्ड्यापाशी येते.

त्या लॅब्राडॉरला फिरवून आणल्यावर ग्राहकाच्या घरचं जाळीचं दार माझ्या हातून सुटलं आणि शेपटीचं टोक त्यात चेमटलं. तो वेडा तरी शेपूट हलवतच राहिला. भिंतीवर माझ्या कमरेपर्यंत लाल ठिपके. डॉक्टरांना टोक कापावं लागलं. बिल अकराशे डॉलर. मी मात्र निवांत, कारण दहा लाख डॉलरची जनरल लायबिलिटी पॉलिसी होती ना! कंपनीनं चार ओळींत क्लेम नाकारला.

कारण नीट समजून घ्या, मी दोनदा सांगणार आहे. कायद्याच्या लेखी कुत्रा ही मालकाची मालमत्ता. तुमच्यामुळे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर जनरल लायबिलिटी पैसे देते, पण जी मालमत्ता तुमच्याच 'केअर, कस्टडी ऑर कंट्रोल'मध्ये आहे ती सहसा वगळलेली असते. आणि आपल्या धंद्यात दिवसभर आपल्या ताब्यात असतं काय? कुत्रंच! म्हणजे त्यानं रस्त्यावर कुणाला चावा घेतला तर पॉलिसी उभी राहील, आणि त्यालाच काही झालं तर हात वर. ते कलम मी वाचलं होतं हो. मला वाटलं, गोदामवाल्यांसाठी असेल.

यावर उतारा म्हणजे 'ॲनिमल बेली' कव्हर, आपल्या ताब्यातल्या जनावरालाच इजा झाली तर त्यासाठीचं. पेट सिटरसाठी बनवलेल्या पॉलिसींत ते बहुधा मिळतं, पण त्याची मर्यादा वेगळी आणि बरीच कमी असू शकते. दहा लाखांचा आकडा बघून हुरळू नका. तुमची चूक सिद्ध झाली तरच पैसे, की चूक नसतानाही व्हेटचा खर्च मिळतो, तेही बघा. किल्ली हरवली तर कुलपं बदलायचा खर्च धरलाय का, हेही. एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: 'माझ्या ताब्यातल्या कुत्र्याला माझ्या चुकीनं इजा झाली, तर बिल कोणत्या कलमाखाली मिळेल?' उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरच्या 'हो हो'ला काडीची किंमत नाही.

'साधी पॉलिसी पुरे' असं मला सांगणाऱ्या बाई या धंद्यात पंधरा वर्षं होत्या. 'एकदाही क्लेम केला नाही' हे त्या अभिमानानं सांगायच्या. अहो, मग तुमची पॉलिसी चालते की नाही हे तुम्हाला तरी कुठे माहीत! असा गुरू भेटला तर चहा प्या, सल्ला घेऊ नका.

बाँडचं थोडक्यात. तो चोरीसाठी असतो, अपघातासाठी नाही. अनेक बाँडमध्ये चोरी कोर्टात सिद्ध होऊन शिक्षा झाल्याशिवाय ग्राहकाला पैसे मिळत नाहीत, आणि दिलेले पैसे कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. एकट्यानं काम करत असाल तर आधी विचारा, धंद्याच्या मालकानंच, म्हणजे तुम्हीच, केलेली चोरी त्यात धरली आहे का. माझ्या बाँडमध्ये नव्हती. म्हणजे मी एकटी असताना 'बाँडेड' हा शब्द कार्डावर निव्वळ शोभेचा होता. हाताखाली माणसं घ्याल तेव्हा मात्र तो खरंच लागेल; ती माणसं पगारी की कंत्राटी, यावरही कव्हर बदलतं.

एवढं वाचून पोटात गोळा आला असेल तर थांबा. बेली कव्हर घेतल्यावर माझा हप्ता वाढला तो दोन फेऱ्यांच्या कमाईएवढाच. अकराशे डॉलर मी चार हप्त्यांत फेडले, मालकीणबाई अजूनही मलाच बोलावतात, आणि ते जाळीचं दार मी आता पाय लावून धरते.