विमानाभोवतीची फेरी : उड्डाणयोग्यता कशी पारखावी

सेसना १७२ एस या चार आसनी प्रशिक्षण विमानाची तपासणी कागदांपासून सुरू होते. नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र आणि दरवर्षी नव्याने घ्यावी लागणारी एआरसी, म्हणजे उड्डाणयोग्यता पुनरावलोकन प्रमाणपत्र, मुदतीत आहे याची खात्री करून टेक लॉग, म्हणजे विमानाची दोष-दुरुस्तीची नोंदवही, उघडावा. आधीच्या वैमानिकाने कोणता दोष नोंदवला, तो दूर झाला का आणि त्याखाली परवानाधारक अभियंत्याची, म्हणजे एएमईची, सही आहे का, हे वाचावे. ‘काम झालंय, सही तेवढी राहिलीय’ असे ओळखीच्या माणसाने सांगितले, तरी त्या सहीवाचून विमान हलवू नये.

फेरीत सर्वाधिक वेळ इंधनाला द्यावा. कॉकपिटमधल्या काट्यावर विसंबून न राहता पंखावरच्या टाकीचे झाकण उघडून डिपस्टिकने पातळी मोजावी आणि खालच्या प्रत्येक ड्रेनमधून, म्हणजे निचऱ्याच्या झडपेतून, पारदर्शक पेल्यात नमुना काढावा. १७२ एसला असे १३ ड्रेन असतात; कंटाळा येतो, पण एकही वगळू नये. पाणी इंधनापेक्षा जड असल्याने ते पेल्याच्या तळाशी बसते आणि दोहोंमधली सीमारेषा स्पष्ट दिसते. मात्र पेल्यात सगळे पाणीच आले असेल, तर ही रेषा दिसणारच नाही. म्हणून पेला पांढऱ्या पंखासमोर धरून १०० एलएल इंधनाचा फिकट निळा रंग आहे ना, हे पाहावे आणि वासही घ्यावा. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या झाकणाची रबरी कडी झिजली असेल, तर पाणी तिथूनच झिरपते. पुन्हा पुन्हा काढूनही नमुना स्वच्छ येत नसेल, तर उड्डाण रद्द करावे.

त्यानंतर पिटो ट्यूब आणि स्टॅटिक पोर्ट ही हवेची छिद्रे पाहावीत, कारण वेगमापक आणि उंचीमापक त्यांच्यावरच चालतात. आच्छादन न घातलेल्या पिटो ट्यूबमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते. अडथळा दिसल्यास फुंकर मारून तो काढू पाहू नये, त्याने उपकरण बिघडू शकते; एएमईला बोलवावे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून सांतियागोला निघालेल्या एरोपेरू या विमान कंपनीच्या बोइंग ७५७ विमानाचे स्टॅटिक पोर्ट धुलाईच्या वेळी चिकटपट्टीने झाकले होते. ती पट्टी कोणाच्याही लक्षात आली नाही, आणि विमानातील सर्व ७० जणांचा मृत्यू झाला. म्हणून तिथे केवळ नजर टाकू नये, जवळ जाऊन पाहावे.

टायर, ब्रेकची नळी, प्रोपेलरच्या कडेवरच्या खाचा, बिजागऱ्यांचे बोल्ट हे हाताने चाचपावे. इंजिनात तेल किमान ५ क्वार्ट असावे.

शेवटची परीक्षा इंजिन चालू करून १,८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांवर, होते. इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद केल्यावर आरपीएम १५० पेक्षा अधिक घसरू नये आणि दोन्हींच्या घसरणीत ५० पेक्षा जास्त फरक नसावा. आरपीएम मुळीच न घसरणे नवख्याला शुभलक्षण वाटते, पण त्याचा अर्थ बहुधा तो मॅग्नेटो बंदच होत नाही असा असतो, आणि अशा इंजिनाचा प्रोपेलर किल्ली काढल्यावर हाताने हलवला तरी अचानक फिरू शकतो. असे विमान ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागी, परत आणावे, टेक लॉगमध्ये दोष लिहावा आणि प्रोपेलरजवळ कोणालाही जाऊ देऊ नये.