जुपिटर नोटबुकमधील तक्त्याची सजावट : रकमेची रक्कमच राहू द्यावी

जुपिटर नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये पायथनचा कोड लिहून चालवण्याची वही) पँडाज या पायथन लायब्ररीची डेटाफ्रेम, म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता, तयार आहे, असे गृहीत धरतो. आयटेबल्स हे पॅकेज पिप या पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने बसवावे आणि पहिल्याच सेलमध्ये, म्हणजे कोडच्या चौकटीत, त्याचा नोटबुक मोड सर्व तक्त्यांसाठी सुरू करावा. म्हणजे प्रत्येक डेटाफ्रेम शोधपेटी आणि क्रमवारीच्या बाणांसह दिसू लागते. ओळी दाट हव्या असल्यास ‘कॉम्पॅक्ट’ हा क्लास, म्हणजे तयार सजावटीचे नाव, द्यावा.

खरा घोळ रकमांच्या स्तंभात होतो. रकमेला ‘रु.’ आणि स्वल्पविराम पायथनमध्येच जोडून टाकावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. तसे केले की रक्कम अंक न राहता मजकूर बनते आणि मजकुराची क्रमवारी अक्षरागणिक लागते. आमच्या सोसायटीच्या खर्चाचा तक्ता मी असाच सजवला होता. चढत्या क्रमाने लावल्यावर रु. १,२०,००० सर्वांत वर, त्याखाली रु. ८५,००० आणि तळाशी रु. ९,५०० आले, तक्ता इतका देखणा दिसत होता की सभेत एका काकांनी विचारेपर्यंत हे माझ्या लक्षातही आले नाही.

म्हणून डेटाफ्रेममधील स्तंभ पूर्णांकच ठेवावा आणि सजावट ब्राउझरवर सोपवावी. त्यासाठी आयटेबल्सच्या ‘कॉलमडेफ्स’ या स्तंभांच्या मांडणीच्या पर्यायात त्या स्तंभासाठी ‘रेंडर’ हे, मूल्य कसे दाखवायचे ते ठरवणारे, फंक्शन द्यावे. आयटेबल्सच्या मुळाशी असलेली डेटाटेबल्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी हे फंक्शन वेगवेगळ्या कामांसाठी बोलावते आणि काम कोणते, ते ‘टाइप’मधून कळवते. टाइप ‘डिस्प्ले’ किंवा ‘फिल्टर’ असेल तेव्हा भारतीय लोकेलने, म्हणजे लाखांच्या गटांत, स्वल्पविराम घातलेली रक्कम परत करावी. एरवी मूळ अंक जसाच्या तसा परत करावा. ‘फिल्टर’ विसरू नये, कारण माणसे शोधपेटीत जे डोळ्यांना दिसते तेच टंकतात. हे फंक्शन आयटेबल्सच्या ‘जावास्क्रिप्टफंक्शन’ या वेष्टनात गुंडाळूनच द्यावे. नुसता मजकूर दिल्यास ते चालत नाही.

सजावट कोणत्या स्तंभाला, ते क्रमांकाने सांगताना स्तंभांची मोजणी शून्यापासून होते, आणि इंडेक्स, म्हणजे ओळींची ओळख सांगणारा डावीकडचा स्तंभ, दिसत असेल तर शून्य क्रमांक त्याचा असतो. साधा, बिननावाचा इंडेक्स आपोआप लपतो. त्याला नाव दिले की तो प्रकटतो आणि तुमची सजावट शेजारच्या स्तंभावर जाऊन बसते. या एका क्रमांकापायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

उणे रकमा लाल करायच्या असल्यास ‘कॉलमडेफ्स’मध्येच ‘क्रिएटेडसेल’ हे, रकाना तयार होताना चालणारे, फंक्शन पुरेसे आहे.

तक्ता मोठा असल्यास एक पाहून घ्यावे : ६४ किलोबाइटच्या मूळ मर्यादेपलीकडचा तक्ता आयटेबल्स काटछाट करून दाखवते, त्यामुळे शोध आणि क्रमवारी उरलेल्या ओळींपुरतीच चालते. मर्यादा शून्य केल्यास ती उठते, पण सारा डेटा नोटबुकच्या फाइलमध्ये साठून ती फुगते. मी आधी पँडाजमध्ये गाळणी लावतो आणि मगच तक्ता दाखवतो.