रानहत्तीचा फोटो : आधी कान वाचा, मग शटर दाबा

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. याच जिल्ह्यातल्या कमलापूरच्या वनविभागाच्या कॅम्पातले शांत पाळीव हत्ती पाहून बांधलेला अंदाज या हत्तींना लावू नका. वनकर्मचारी सोबत असल्याशिवाय आणि धानाच्या बांधीत रात्री तर मुळीच जाऊ नका.

चिमूटभर माती उडवून वारा पाहा. तो हत्तीकडून तुमच्याकडे यायला हवा. अंतर किमान शंभर मीटर, परतीची वाट मोकळी. कान संथ हलत असतील आणि सोंड चरण्यात गुंतली असेल, तर हत्ती निवांत आहे. चरणं थांबलं, कान स्थिर झाले, सोंडेचं टोक तुमच्याकडे वळलं, की त्याला तुमची चाहूल लागली आहे. कान पसरून मान उंचावली तर फोटो सोडा, पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. डोळा आणि कानाच्या मधून स्राव ओघळणारा नर मस्तात, म्हणजे माजावर असतो. तिथे थांबूच नये. पिल्लू असेल तर अंतर दुप्पट ठेवा.

१००-४०० मिमी लेन्स पुरते. शटरचा वेग चालत्या हत्तीला १/५०० सेकंद, धूळ उडवताना १/१०००. अंधाऱ्या रानात काळसर कातडीमुळे कॅमेरा फोटो जास्त उजळ करतो आणि पाठीवरचं ऊन पांढरं फटक पडतं, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग) -०.७ ठेवा. फोकस डोळ्यावर, फ्लॅश कायम बंद.

दोन्ही कानांच्या कडा स्पष्ट टिपा. त्यांवरच्या फाटक्या खुणांवरून तोच हत्ती पुन्हा ओळखता येतो. कळप तिथे असेपर्यंत ठिकाण मात्र सोशल मीडियावर कुठेही टाकू नका. गर्दी जमते, हत्ती बिथरतात आणि झळ गावाला बसते.