रसाच्या द्राक्षासाठी वेलीवर किती घड ठेवावेत?

मांजरी मेडिका किंवा एआरआय-516 यांसारख्या रसाच्या वाणांत घड मोजायचे ते पानांच्या हिशेबाने. एक किलो द्राक्ष नीट पिकायला साधारण 0.8 ते 1.2 चौरस मीटर, म्हणजे ग्रॅममागे 8 ते 12 चौरस सेंटिमीटर निरोगी पान लागते. पानाची लांबी गुणिले रुंदी करून त्याचा सुमारे पाऊण हिस्सा धरला की क्षेत्रफळ मिळते. ग्रॅममागे 10 चौरस सेंटिमीटर धरले, पान 120 चौरस सेंटिमीटरचे आणि घड 250 ग्रॅमचा असेल, तर एका घडाला 20-21 पाने हवीत. छाटलेल्या काडीच्या वजनावरून भार ठरवण्याची परदेशी पद्धत आपल्या दोन छाटण्यांच्या बागेत गोंधळ करते; पाने मोजणे बरे.

आता वेलीचा हिशेब. 9 × 5 फुटांवर एकरी 968 वेली बसतात. एकरी 8 टन माल धरला तर वेलीला सव्वाआठ किलो, म्हणजे 250 ग्रॅमचे 33 घड. नुकसानीसाठी 3 जास्त ठेवा. घडाचे वजन मात्र आपल्याच बागेतल्या गेल्या हंगामाचे घ्या.

फळछाटणीनंतर साधारण 15 ते 18 दिवसांनी, 5-6 पानांवर घड दिसू लागले की दाटीच्या आणि कमजोर फुटी काढा. घड नसलेल्या सगळ्याच फुटी काढू नका, त्यांची पाने शेजारच्या घडालाही पोसतात. घडांची मुख्य विरळणी मणी धरल्यावर, ते 4 ते 6 मिलिमीटरचे असताना करा. फुलोऱ्याआधी घड काढले तर उरलेल्यांत मणी जास्त धरतात, घड गच्च होतो आणि आत कूज शिरते. फुटीवर एकच घड ठेवा; 10 पानांच्या आत थांबलेल्या फुटीवर एकही नको. मण्यांत पाणी उतरून, म्हणजे ते मऊ पडून, बागेत बहुतेक घडांना रंग आला की मागे पडलेले हिरवे घड काढून टाका. यामुळे उरलेल्यांची गोडी फारशी वाढत नाही, पण कच्चा आंबट रस मिसळत नाही.

भार जास्त राहिला की गोडी रेंगाळते, रंग फिका पडतो. मग थांबावे, तर मार्चच्या उन्हात आम्लता घसरते, पीएच चढतो आणि रस सपक लागतो. पुढच्या वर्षीचे घडही घटतात. पण ‘माल कमी, रस भारी’ हेही अर्धसत्यच. पाने पुरेशी असताना आणखी घड काढले तर फक्त टन जातात. वेल शेंड्याला पळते, सावली वाढते आणि सावलीतल्या मण्यांचा रंग पुन्हा मार खातो.

काढणीआधी 20 वेलींच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-खालचे मिळून 100 मणी तोडा, चिरडून गाळा आणि ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचे माप, पाहा. आम्लतेसाठी 10 मिली रसात 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड पीएच 8.2 येईपर्यंत सोडा. लागलेले मिली गुणिले 0.75 म्हणजे लिटरमागे ग्रॅम आम्ल, टार्टारिकच्या हिशेबात. गडद रसात फिनॉल्फथॅलीन या रंगदर्शकाचा गुलाबी रंग दिसत नाही, म्हणून इथे पीएच मीटरच हवा.