मार्क घसरले की लगेच क्लास लावताय? या चुका टाळा

सहामाहीचे पेपर घरी गेले की पालकांची रांग लागते आणि प्रश्न ठरलेला असतो, "सर, कुठला क्लास लावू?" बावीस वर्षं वर्गशिक्षक आहे. "हा मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातो?" असं विचारणारे पालक मात्र बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

दुखणं न शोधता औषध देणं

नववीतली एक मुलगी. आठवीपर्यंत पहिल्या पाचात. सहामाहीला गणिताच्या दोन्ही भागांत मिळून ८० पैकी ३१. घरच्यांनी संध्याकाळी सहा ते आठचा क्लास लावला होता, तरी ही वेळ. शेवटच्या दोन तासांना ती डोकं धरून बसायची. आई भेटायला आली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "पाण्याची बाटली नेते तशीच भरलेली परत आणते हो."

धागा तिथे सापडला. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटली होती. आठवीत मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची. नववीत तुकड्या बदलल्या, मैत्रीण 'ब'मध्ये गेली. नव्या वर्गात दार धरायला सांगावं असं कुणी नव्हतं, म्हणून हिने पाणी पिणंच सोडलं. हे मला कधीच कळलं नसतं. आमच्या बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा ती बोलली. कडी बसली, बाईंनी तिची जागा बदलून एका बडबड्या मुलीशेजारी दिली. वार्षिकला ५२ आले. ते कडीमुळेच आले असं मी म्हणणार नाही, पण डोकेदुखी थांबली.

म्हणून मार्क घसरले की आधी बाटली बघा, डबा बघा. नव्या वर्गात शेजारी कोण बसतं ते विचारा. क्लास पळून जात नाही.

'ढ' हा शिक्का

ही चूक आम्हा शिक्षकांची. 'ड' तुकडीवर तास आहे म्हटलं की स्टाफरूममध्ये उसासे टाकणारे आम्हीच. १९६८ साली रोझेंथाल आणि जेकबसन या अमेरिकी संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलं यंदा चमकणार आहेत, असं शिक्षकांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती नावं सहज म्हणून निवडलेली होती. तरी वर्षाअखेर पहिली-दुसरीतली ती मुलं बुद्धिमापन चाचणीत इतरांच्या पुढे गेली. या निष्कर्षांवर नंतर बरेच वाद झाले, पण वर्गात उभं राहणाऱ्याला त्यातलं मर्म पटतं. ज्याच्याकडून काही येणार नाही असं आपण धरून चालतो, त्याला आपण प्रश्नच विचारत नाही.

गप्प बसण्याला आळस समजणं

आठवीला सेमी-इंग्रजीत आलेला एक मुलगा विज्ञानाच्या तासाला खाली बघून बसायचा. फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण, हे कळल्यावर म्हणाला, "मग हे मला येतं की!" माध्यम बदलल्यावर पहिले काही महिने मुलाला घरी मराठीतून धडा समजावून सांगू द्या. इंग्रजी शब्द मागाहून जोडता येतात.

ग्रुपवर टाकणं

कुणी चिडवलं की पालक रात्री दहाला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समोरच्या मुलाच्या नावासकट लिहितात. सकाळी आपलंच पोर 'मम्मीला सांगणारा' ठरतं आणि पुढच्या वेळी घरी काही सांगत नाही. आधी वर्गशिक्षकांना भेटा. काय झालं, कोणत्या तारखेला, हे कागदावर द्या. तिथे दाद लागली नाही तर मुख्याध्यापक आणि शाळेतली सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणारी समिती आहे. राज्यात २०२२ पासून ती नेमायची आहे. शिक्षकच मारत किंवा टाकून बोलत असतील, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे. अर्जात कलमाचा उल्लेख करा, कागद लवकर हलतो.

मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर यातल्या कशाचीही वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनाही गाठा.

उलटतपासणी

"शाळेत काही झालं का?" याला "काही नाही" एवढंच उत्तर येणार. त्यापेक्षा "आज भाजी कुणी संपवली?" असं विचारा. आठवडाभर "मीच" असं उत्तर आलं, तर ते मूल एकटं जेवतंय. आणि रिक्षावाल्या काकांशी जरूर बोला. कोण कुणाशेजारी बसायचं बंद झालं, हे त्यांना आमच्याही आधी कळतं.