पहिली जुनी सोलेक्स घेताना: आधी रोलर बघा, मग रंग

दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलची चणचण होती आणि मोटारगाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. म्हणून लोकांनी सायकललाच इंजिन जोडलं. इटलीत डुकाटीने सायकलला जोडायचं कुच्चोलो इंजिन बनवलं, जपानात सोइचिरो होंडांनी लष्कराच्या वायरलेस संचांची शिल्लक जनरेटर इंजिनं सायकलींवर चढवली आणि फ्रान्समध्ये 1946 पासून व्हेलोसोलेक्स, म्हणजेच सोलेक्स, विकली जाऊ लागली. संग्रहाची सुरुवात सोलेक्सनेच करा. ती लाखोंनी बनली, सुटे भाग आजही मिळतात आणि यंत्र इतकं उघडं आहे की बघता बघता कळतं.

मॉडेल ठरवा. सुरुवातीची इंजिनं 45 सीसीची, पुढची 49 सीसीची. जुनी हवीहवीशी वाटतात, पण पहिली गाडी म्हणून 1966 पासूनचं 3800 हे मॉडेल घ्या. तिला आपोआप लागणारा क्लच आहे, त्यामुळे सिग्नलला उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही.

आता मुख्य तपासणी. इंजिन पुढच्या चाकावर बसतं आणि त्याचा खरखरीत रोलर थेट टायरवर दाबला जाऊन चाक फिरवतो. साखळी फक्त पायडलांना. लिव्हर ओढून इंजिन वर उचला, रोलरवर बोट फिरवा. पॉलिश कागदासारखं खरखरीत लागलं तर उत्तम. गुळगुळीत लागला तर रोलर घसरणार, पावसात तर नक्कीच. रोलर तेलकट असेल तर तेल कुठून येतंय ते शोधा. बहुधा क्रँकचं सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीची तेल अडवणारी कडी) गेलेलं असतं. टायरच्या मधोमध खोल खाच पडली असेल तर टायरचा खर्च किमतीत धरा.

मग पेट्रोलचा पंप. सोलेक्सच्या कार्बोरेटरला फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) नाही. क्रँककेसच्या (क्रँक फिरतो त्या पेटीतल्या) दाबाने एक पातळ पडदा हलतो, पेट्रोल वर चढतं आणि जास्तीचं दुसऱ्या नळीने टाकीत परत जातं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या गाडीत हा पडदा कडक होतो. विक्रेता “फक्त प्लग बदला” म्हणाला तरी पडदा बदलायचा हे धरूनच चला. टाकीत टॉर्च मारून गंज पाहा.

नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा मूळचा काळा रंग उडालेली, पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी मला कधीही जास्त मोलाची वाटते. मूळ दिवा, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, इंजिनवरची कव्हरं एकेक करून जमवण्यात फार वेळ जातो.

फ्रान्समध्ये रस्त्यावर चालवायची असेल तर 2011 पासून अशा गाड्यांनाही नोंदणी लागते. विमाही हवा. म्हणून पैसे देण्याआधी चौकटीवरचा नंबर कागदांशी ताडून पाहा.

घरी आणल्यावर टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल भरा. इंजिन वर उचलून ठेवा, पायडल मारत थोडा वेग घ्या, डीकॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) धरून इंजिन चाकावर सोडा आणि मग डीकॉम्प्रेशन सोडा. ज्यांनी लूना पायडल मारून चालू केली आहे, त्यांच्या पायांना हे शिकवावं लागणार नाही.